कॅसिनोची चिप जड तेवढी खरी? गोव्याची वाट धरण्याआधी हे वाचा

येळ्ळूर : जांबोटी, चोर्ला घाट, साखळी आणि पुढं पणजी. येळ्ळूर-बेळगावकडून गोव्याला जाणाऱ्यांची ही पाठ झालेली वाट. त्यातले काहीजण मांडवीतल्या कॅसिनो बोटींवरही चढतात. परत आल्यावर गप्पांत एक वाद हमखास निघतो : तिथली चिप घरच्या पोकर सेटमधल्या चिपपेक्षा हाताला वेगळी का लागते? 'खरी चिप जडच असते,' असं कुणीतरी ठणकावून सांगतं. प्रत्यक्षात अनेकदा उलटं असतं.

अंदाजासाठी दहा रुपयांचं नाणं घ्या. व्यास २७ मिलिमीटर, वजन साधारण पावणेआठ ग्रॅम. पोकरची नेहमीची चिप ३९ मिलिमीटरची, म्हणजे जवळपास कॅरमच्या स्ट्रायकरएवढी. पण अमेरिकेतल्या कॅसिनोंत चालणाऱ्या बऱ्याच चिप्स साडेआठ ते दहा ग्रॅमच्याच असतात. आकार मोठा, वजन मात्र नाण्याहून थोडंसंच जास्त.

तीन जाती

पहिली 'क्ले'. नाव मातीचं असलं तरी ही खानापूरच्या कुंभाराची भाजलेली माती नव्हे. खनिजांची पूड आणि तिला धरून ठेवणारे पदार्थ साच्यात घालून, उष्णता आणि दाब देऊन ती तयार होते. कडेचे रंगीत पट्टे छापलेले नसतात. वेगळ्या रंगाचे तुकडे कडेला बसवूनच चिप दाबतात, त्यामुळं ते एकजीव होतात. हाताला कोरडी, किंचित खरखरीत लागते. थप्पी लावली तर घसरत नाही आणि आवाज दबका येतो.

दुसरी 'सिरॅमिक'. नाव कपबशीचं, वस्तू प्लास्टिकची. पृष्ठभाग सपाट, मध्ये स्टिकर नाही. नक्षी मधोमधपासून थेट कडेपर्यंत छापलेली असते.

तिसरी, आत धातूची चकती आणि वरून प्लास्टिक. बाजारातले घरगुती सेट बहुतेक याच जातीचे. वजन साडेअकरा ते चौदा ग्रॅम, आवाज खणखणीत आणि अंग गुळगुळीत. हे वजन दर्जाचं नव्हे, आतल्या धातूचं. काही कॅसिनोही धातूचा गाभा असलेल्या चिप्स वापरतात. म्हणून नुसतं हातात तोलून खरी-खोटी ठरवता येत नाही.

ओळख कशी पटते?

कडेचे पट्टे शोभेपुरते नसतात. वीस चिप्सची थप्पी लावली की पट्टे एका रांगेत दिसतात. त्यात वेगळ्या किमतीची चिप घुसली तर ती डीलरला आणि वरच्या कॅमेऱ्याला लगेच कळते. अतिनील प्रकाशातच दिसणाऱ्या खुणा असतात, तर महागड्या चिप्समध्ये रेडिओ लहरींनी ओळख पटवणारा बारीक टॅगही बसवतात.

शिवाय चिप म्हणजे चलन नव्हे. डिसेंबर २०१० मध्ये लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोतून एका चोरट्यानं सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोनं २५ हजार डॉलरच्या त्या चिप्स बाद करायचं जाहीर केलं. ठरल्या मुदतीनंतर त्यांची किंमत शून्य. तो चोरटाही चिप्स विकायला गेला आणि पकडला गेला.

सीमेवरच्या माणसानं काय ध्यानात ठेवायचं?

तीन राज्यांत तीन तऱ्हा आहेत. कर्नाटकात जुगारअड्डा चालवणं १९६३ च्या पोलीस कायद्यानं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं १९७६ चा, कधीच अंमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलं आणि बोटींवर मुभा मिळाली. पण २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. दार उघडं आहे ते बाहेरून येणाऱ्यांना, म्हणजे बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या माणसाला. वय मात्र २१ पूर्ण हवं.

आणि खरी गोम करात आहे. जीएसटी जिंकलेल्या रकमेवर नव्हे, चिप्स घेताना दिलेल्या रकमेवर मोजतात. ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. दहा हजारांच्या खरेदीवर कर चार हजार. चिप्स न खेळता परत केल्या तरी करासाठी धरलेली रक्कम कमी होत नाही. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नव्यानं कर नाही.

आपल्याकडं दिवाळीत पत्ते खेळताना चिंचोके मोजायचे. हरलं तरी चिंचोकेच जायचे. कॅसिनोची चिपही तशीच हलकी वाटते, आणि नोट सोडताना थबकणारा हात चिप सहज पुढं सरकवतो. म्हणून पैसे भरण्याआधी खिडकीवर विचारा : कर किती, हातात चिप्स किती रुपयांच्या, आणि परत दिल्या तर रोख किती? उरलेल्या चिप्स बोटीवरून उतरण्याआधी वटवा. चोर्ला चढून इकडं आल्यावर त्या चिपवर चहासुद्धा मिळत नाही.