पीए ते एमडी, व्हाया लॅपटॉप?

दिवसा ड्युटी, रात्री ऑनलाइन लेक्चर आणि शेवटी नावाआधी 'डॉक्टर'. अमेरिकेतल्या फिजिशियन असिस्टंट मंडळींना भुरळ घालणारा हा ऑप्शन खरंच तितका सोपा आहे का?

नोकरी सांभाळून एमबीए करणारे आपल्या आजूबाजूला ढिगाने सापडतील. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत असाइनमेंट, शनिवार-रविवार क्लास आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत पुन्हा डेस्कवर. दोन वर्षांनी व्हिजिटिंग कार्डावर तीन अक्षरं वाढतात. बॉस खूश, आईबाबा खूश, लग्नाच्या बाजारात भावही वाढतो. पण नोकरी सांभाळून डॉक्टर? असा विचार कधी केलाय?

हसू नका. अमेरिकेत हा प्रश्न अगदी सीरियसली विचारला जातो. आणि विचारणारे हौशे-नवशे नसतात. रोज पेशंट तपासणारी, टाके घालणारी, औषधं लिहून देणारी माणसं असतात ती. त्यांना म्हणतात फिजिशियन असिस्टंट, शॉर्टमध्ये पीए.

माझी मावसबहीण त्यातलीच एक. वय ३४, मुक्काम न्यू जर्सी, गेली सात वर्षं इमर्जन्सी विभागात. लेक पीए झाल्याचं मावशीने ठाण्याला फोन करून सांगितलं, तेव्हा आजोबांचा पहिला प्रश्न होता, ''कुठल्या मंत्र्याची?'' त्यांचंही बरोबरच. आपल्याकडे पीए म्हणजे साहेबांची डायरी सांभाळणारा, फोन उचलून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगणारा. तिकडचा पीए मात्र एकदम वेगळं प्रकरण आहे.

हा पीए वेगळा!

गोष्ट सुरू होते १९६५ साली, नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात. डॉक्टरांचा तुटवडा होता. दुसरीकडे अमेरिकी नौदलातून परतलेले वैद्यकीय सहायक होते. लष्करी सेवेत त्यांनी पेशंट हाताळलेले, पण घरी परतल्यावर त्या अनुभवाला विचारतो कोण? डॉ. यूजीन स्टेड यांनी या दोन टोकांची गाठ घालून दिली. पहिल्या बॅचला नौदलातले चौघे. १९६७ मध्ये त्यातले तिघे पास होऊन बाहेर पडले आणि एक नवा पेशा जन्माला आला.

आज अमेरिकेत दीड लाखाहून जास्त पीए आहेत. आधी पदवी, मग साधारण २७ महिन्यांचा मास्टर्स, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. पीए पेशंट तपासतो, निदान करतो, टेस्ट सांगतो, औषध लिहितो, ऑपरेशनमध्ये सर्जनला असिस्ट करतो. पगार? अमेरिकन सरकारच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार निम्म्या पीएंना वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार डॉलरहून जास्त मिळत होते. म्हणजे 'गरिबीत दिवस काढतेय बिचारी' असला प्रकार अजिबात नाही.

मग दुखतंय कुठे? बहुतेक राज्यांत पीएला कुठल्या ना कुठल्या स्वरूपात डॉक्टरशी बांधून घ्यावं लागतं. काही ठिकाणी देखरेख, काही ठिकाणी सहकार्याचा करार. नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये आणि युटा, वायोमिंगने २०२१ मध्ये ही दोरी बरीच सैल केली. त्याच २०२१ मध्ये पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने 'असिस्टंट' शब्द टाकून 'असोसिएट' घ्यायचं ठरवलं. पण नाव बदललं म्हणून खुर्ची बदलत नाही ना!

ताई म्हणते, ''पेशंटला मी बघते, रिपोर्ट मी वाचते, तासभर समजावून मी सांगते. शेवटी तो विचारतो, 'थँक्यू, पण डॉक्टर कधी येणार?' त्याची तर आता सवय झाली. खरा त्रास वेगळाच आहे. काय करायचं ते मला येतं. पण असं का होतंय, इथे कधी कधी मी अडकते. मग तिथे आणखी शिकावंसं वाटतं.''

गणित जमत नाही

शिकावंसं वाटणं सोपं. पुढचा हिशेब मांडला की घाम फुटतो.

आधी एक खुलासा. तिकडची एमडी म्हणजे आपली एमबीबीएसनंतरची एमडी नव्हे. डॉक्टर होण्याची ती पहिलीच पदवी. तिच्यासाठी साडेसात तास चालणारी एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं कॉलेज, मग रेसिडेन्सी. फॅमिली मेडिसिनला तीन वर्षं, न्यूरोसर्जरीला सात. आणि पीए म्हणून सात वर्षं रात्रपाळ्या काढल्या असल्या तरी नेहमीच्या मेडिकल कॉलेजात त्याची सूट शून्य. पहिल्या वर्षाला, पहिल्या बाकावर, बावीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी!

खर्चाचं बोलायचं तर अमेरिकेत कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्याच्या डोक्यावर साधारण २ लाख डॉलरचं ओझं असतं. वर चार वर्षांचा बुडालेला पगार म्हणजे आणखी ५ लाख. रेसिडेन्सीत पगार मिळतो, पण पीएच्या साधारण निम्मा. ताईच्या घराचे हप्ते चालू आहेत, लेक तीन वर्षांची आहे. नवरा म्हणतो, ''कर ना, बघू आपण.'' पण 'बघू'ने हप्ते भरले जात नाहीत.

अशा वेळी रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर जाहिरात चमकते : घरबसल्या मेडिकल स्कूल, नोकरी सोडायची गरज नाही. बोट आपोआप माऊसकडे जाणारच की!

घरबसल्या, पण किती?

अमेरिकेतल्या एकाही मान्यताप्राप्त मेडिकल कॉलेजात पूर्ण ऑनलाइन एमडी करता येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. हा ऑप्शन मिळतो तो देशाबाहेरच्या कॉलेजांत. उदाहरणार्थ, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशात २००२ साली सुरू झालेली ओशिआनिया युनिव्हर्सिटी ऑफ मेडिसिन. इथे थिअरीचा भाग ऑनलाइन शिकता येतो. आधीच आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. फसवाफसवी नाही, सगळं उघड आहे. पण या वाटेवर तीन दारं आहेत, आणि एकही दार लॅपटॉपने उघडत नाही.

पहिलं दार, क्लिनिकल रोटेशन. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार. प्रत्येक विभागात आठवडेच्या आठवडे, प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये, फुल टाइम उभं राहावं लागतं. कॉलेज सामोआचं असो की बोस्टनचं, यातून सुटका नाही. म्हणजे 'नोकरी सांभाळून' हे वाक्य अर्ध्या वाटेपर्यंतच खरं. नोकरी सुटते, फक्त दोनेक वर्षं उशिरा.

दुसरं दार, परीक्षा. परदेशी कॉलेजातून आलेल्याला आधी ईसीएफएमजी या संस्थेचं सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी कॉलेजचं नाव जागतिक यादीत, त्या संस्थेच्या मान्यतेच्या शेऱ्यासकट, असावं लागतं. शिवाय यूएसएमएलईचे पहिले दोन टप्पे पास. हुशार पीएला हे जमू शकतं. पण जानेवारी २०२२ पासून पहिल्या टप्प्याचे मार्कच मिळत नाहीत, नुसतं पास किंवा नापास. पूर्वी अनोळखी कॉलेजचा मुलगा तिथे तगडा स्कोअर काढून म्हणायचा, 'कॉलेज सोडा, माझे मार्क बघा!' हुकमाचा तो एक्का गेला. आता सगळी भिस्त दुसऱ्या टप्प्यावर.

तिसरं दार सगळ्यात जड. रेसिडेन्सी. ती नाही तर प्रॅक्टिस नाही, एवढा साधा नियम. दरवर्षी मार्चमध्ये कॉम्प्युटर उमेदवार आणि हॉस्पिटलांच्या जोड्या लावतो, त्याला मॅच म्हणतात. सोमवारी कळतं, जागा मिळाली की नाही. कुठे मिळाली, ते शुक्रवारी. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकन एमडी कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या सुमारे ९३ टक्के विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. परदेशी कॉलेजात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांमध्ये हेच प्रमाण होतं ६७ टक्के. यात सगळी परदेशी कॉलेजं आली, रोज वर्गात बसवणारीसुद्धा. म्हणजे दर तिघांतला एक जण सगळं शिकून, सगळे पैसे भरून, मार्चमध्ये रिकाम्या हाताने घरी!

वर प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं, नियम वेगळे. कुठलं परदेशी कॉलेज चालेल नि कुठलं नाही, हे कॅलिफोर्नियाचं मेडिकल बोर्ड २०२० पर्यंत स्वतः ठरवायचं. आज न्यू जर्सीत राहता, उद्या नवऱ्याची बदली झाली तर?

मधल्या वाटा

मग मधला मार्ग नाहीच का? आहे, पण अरुंद. पेनसिल्व्हेनियातल्या लेक इरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिनने २०११ मध्ये खास पीएंसाठी तीन वर्षांचा कोर्स काढला. मिळणारी डीओ पदवी लायसन्सच्या बाबतीत एमडीच्या बरोबरीची. जुन्या अनुभवाची किंमत म्हणून एक अख्खं वर्ष वाचतं. पण जागा मोजक्या आणि कोर्स घरबसल्या नाही.

दुसरी वाट फसवी नाही, पण फसायला होईल अशी. टेनेसीच्या लिंकन मेमोरियल युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये पीएंसाठी 'डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स' ही पदवी आणली. बराचसा अभ्यास ऑनलाइन, नोकरी शाबूत. शिकवायला किंवा मॅनेजमेंटमध्ये जायला मस्त. पण लायसन्स पीएचं ते पीएचंच राहतं. नावात डॉक्टर, कामात नाही. मावशी मात्र एकदम खूश, ''हेच कर की! मंडळाच्या गणेशोत्सवात कोण लायसन्स बघतंय?''

आपल्याकडे काय?

'मग मीही इथूनच एखादं ऑनलाइन एमबीबीएस करतो' असं मनात आलं असेल तर ब्रेक लावा. आपल्याकडे दूरस्थ एमबीबीएस हा प्रकारच नाही. परदेशातली पदवी आणली तरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. कोविडच्या काळात चीनमधल्या कॉलेजांचे वर्ग मोबाइलवर आले आणि आपली हजारो मुलं घरी बसून शिकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयोगाने स्पष्ट सांगितलं की, निव्वळ ऑनलाइन केलेला मेडिकल कोर्स मान्य नाही. त्या मुलांचा काहीच दोष नव्हता, पण फटका त्यांनाच बसला.

पीएचं शिक्षण मात्र आपल्याकडेही आहे. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये ते १९९२ मध्ये सुरू झालं आणि २०२१ च्या कायद्याने या पेशाला देशपातळीवर ओळख मिळाली.

उलटा प्रवास करा

ताईने शेवटी काय केलं? तिने एक एक्सेल शीट काढली, पण शेवटापासून. पहिला कॉलम रेसिडेन्सीचा. आपल्याच हॉस्पिटलच्या रेसिडेन्सी ऑफिसात जाऊन तिने सरळ विचारलं, ''माझं काम तुम्ही सात वर्षं बघताय. मी ऑनलाइन थिअरी करून आले तर इंटरव्ह्यूला बोलवाल?'' उत्तर गोड मिळालं, ''तुमचा अर्ज नक्की वाचू.'' ''इतकी वर्षं कॉर्पोरेट इंग्लिश ऐकतेय,'' ती मला म्हणाली, ''कळलं मला काय ते.''

सामोआचा कॉलम तिने पुसून टाकला. आता पहाटे पाचला उठून एमकॅटचा अभ्यास चालू आहे. अर्ज तीन वर्षांच्या कोर्सला आणि घराजवळच्या दोन नेहमीच्या कॉलेजांना. दोनदा प्रयत्न, नाही झालं तर पीए म्हणून खुशीत राहायचं, असं नवरा-बायकोने फ्रिजवर लिहून ठेवलंय. मावशीने हिशेब केला, ''म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर?'' ताई म्हणाली, ''हो आई. पण कुठल्याही राज्यात चालेल असा.''

तुमचं क्षेत्र कुठलंही असो, घरबसल्या डिग्रीचा फॉर्म भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. ज्या खुर्चीसाठी हे चाललंय, ती देणारा माणूस ही डिग्री मानतो का? हातांनी शिकायचा भाग कुठे, कधी आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार? आणि याच डिग्रीवर गेल्या वर्षी त्या खुर्चीत कितीजण बसले? पहिल्या दोन प्रश्नांवर कॉलेजचा काउन्सेलर भरभरून बोलेल. तिसऱ्यावर तो विषय बदलतो का, तेवढं बघा.

फी भरायला तर काय, एक क्लिक पुरतो!