नोटीस आली!

तिसरा तास चालू असतो. फळ्यावरचं समीकरण अर्ध्यावर आलेलं असतं, आणि दारात शिपाईमामा उभे राहतात. काखेत पुठ्ठ्याच्या बांधणीची लांबट वही. मागच्या बाकांवर कुजबुज होते, ‘नोटीस आली!’ सुट्टी जाहीर होणार की फी मागणार, याचा अंदाज बांधेपर्यंत सर वही हातात घेतात.

सूचना वहीचं काम साधं. मुख्याध्यापक सूचना लिहितात, खाली सही आणि तारीख. मग ती पाचवी ‘अ’पासून दहावीच्या शेवटच्या तुकडीपर्यंत फिरते. ज्यांचा तास असेल ते शिक्षक ती मोठ्यानं वाचतात आणि त्या तुकडीच्या रकान्यात सही करतात. ही सही मला फार मोलाची वाटते. ‘आम्हाला कळलंच नाही’ असं कुणी म्हटलं, तर आठवी ‘क’चा रकाना बघता येतो.

भाषा सरकारीच, ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की’. पण मुलांचं अख्खं वर्ष त्या वाक्यांत असतं: चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे फॉर्म, जंतनाशक गोळ्या, सहलीची संमतिपत्रं. आठवीच्या वर्गात एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची सूचना येते. त्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मजुरी करणाऱ्या घरात एवढ्या पैशांवर मुलीचं शिक्षण पुढे चालू राहू शकतं. फॉर्मची शेवटची तारीख तिच्या कानावर पडणं म्हणूनच किरकोळ बाब नाही.

वहीच्या आधी, सकाळी, परिपाठ झालेला असतो. राष्ट्रगीत, २०२३पासून राज्यगीतही, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि ठळक बातम्या. यातला माझा जीव बातम्यांत. आदल्या रात्री वर्तमानपत्रातून चार ओळी उतरवून आणणारी मुलगी माइकपुढे थरथरते, पण त्या दिवशी शाळेला जग सांगणारी तीच असते. दिनविशेषही कधीकधी थेट वर्गात येऊन भिडतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. २०१७पासून महाराष्ट्रात ही तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका मुलानं शाळेत नाव घातलं, एवढीच ती बातमी. पण पटावर स्वतःचं नाव असलेल्या शेकडो मुलांसमोर ती वाचली जाते, तेव्हा तिचं वजन कळतं.

२०२०च्या टाळेबंदीत वर्गांचे व्हॉट्सॲप गट झाले आणि नंतरही राहिले. त्यांची सोय मी नाकारत नाही. पावसामुळे शाळा बंद ठेवायची, तर सकाळी सहाला दुसरा मार्ग कुठला? पण गटातली सूचना पालकांच्या फोनवर जाते. फोन वडिलांबरोबर कामावर, रिचार्ज संपलेला, नाहीतर मोठ्या भावाच्या हातात. दोन निळ्या खुणा संदेश उघडल्याचं सांगतात, मुलानं ऐकल्याचं नाही. वहीतली सूचना मुलांनाच उद्देशून असते आणि वर्गात सर्वांना एकाच वेळी कळते. एवढ्यासाठी तरी तिचं फिरणं थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

चौथ्या तासाला वही कार्यालयात परत येते. पर्यवेक्षिका बाई सह्या मोजतात. नववी ‘ब’ राहिलेली असते. तो वर्ग तेव्हा प्रयोगशाळेत होता. मामा वही उचलतात आणि पुन्हा जिना चढू लागतात.