मालजामीन : अमेरिकी हमीपत्रातले उत्पन्न

जुन्या मराठी व्यवहारात जामिनाचे प्रकार असत. हाजीरजामीन माणसाला ठरल्या वेळी हजर करण्याची हमी देई, फैलजामीन त्याच्या वर्तनाची, आणि मालजामीन पैशाची. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना कायमच्या वास्तव्यासाठी बोलावते, तेव्हा जो ‘आय-८६४’ नावाचा अर्ज भरावा लागतो, तो या तिसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचे अधिकृत नाव ‘आधाराचे प्रतिज्ञापत्र’ असे सौम्य आहे. नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळवणाऱ्यांना तो सहसा लागत नाही. त्यामुळे स्वतः सुखरूप स्थिरावलेल्या अनेकांची त्याच्याशी पहिली गाठ आईवडिलांच्या निमित्तानेच पडते, आणि त्यातला उत्पन्नाचा रकाना पगाराची साधी नोंद समजून भरला जातो.

या रकान्यामागे मोठा इतिहास आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारा, म्हणजे सार्वजनिक खजिन्यावर भार ठरणारा माणूस देशात घेऊ नये, ही तरतूद अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यात आली. पुढे नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे घेण्याची प्रथा पडली. पण ती केवळ नैतिक जबाबदारी आहे, अशीच भूमिका न्यायालये घेत राहिली. हमी होती, वसुली नव्हती. १९९६ च्या कायद्याने हे बदलले. १९ डिसेंबर १९९७ पासून लागू झालेला नवा अर्ज हा कायदेशीर करार आहे. ज्याच्यासाठी हमी दिली तो स्थलांतरित, तसेच त्याला गरजूंसाठीची मदत देणारे सरकारी खाते, हे दोघेही हमीदाराला न्यायालयात खेचू शकतात.

हमी किती रकमेची? संघीय दारिद्र्य पातळीच्या १२५ टक्के. ही पातळी मुळात ताटावरून ठरली. सामाजिक सुरक्षा विभागातल्या मॉली ओरशान्स्की यांनी १९६३-६४ च्या सुमारास स्वस्तातल्या आहाराचा खर्च काढून त्याची तिप्पट केली, कारण १९५५ च्या पाहणीनुसार कुटुंबे करोत्तर उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करीत होती. पुढे महागाईनुसार आकडे वाढत गेले. २०२५ मध्ये, अलास्का आणि हवाई वगळता, चौघांच्या कुटुंबासाठी ही पातळी ३२,१५० डॉलर होती. तिचे १२५ टक्के म्हणजे ४०,१८७ डॉलर. नवरा, बायको, एक मूल आणि भारतातून येणारी आई असे हे चौघे. येणारी व्यक्ती आधीच मोजायची असते. पूर्वी कुणासाठी अशीच हमी दिली असेल आणि ती संपली नसेल, तर तोही माणूस मोजणीत येतो, मग तो दुसऱ्या राज्यात का राहत असेना.

आता उत्पन्न कोणते? मुख्य आकडा चालू वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नाचा असतो. गेल्या वर्षाचे करविवरण त्याला पुरावा म्हणून जोडायचे. विवरणातला आकडा घ्यायचा तो ‘एकूण उत्पन्ना’चा, वजावटींनंतर उरणाऱ्या करपात्र उत्पन्नाचा नव्हे. नोकरदाराला हा फरक फायद्याचा ठरतो. व्यावसायिकाची मात्र पंचाईत होते. त्याच्या एकूण उत्पन्नात धंद्याची उलाढाल न येता खर्च आणि घसारा वजा जाऊन उरलेला निव्वळ नफा येतो. कर वाचवण्यासाठी जो आकडा लहान ठेवला, तोच इथे अपुरा पडतो. नवराबायकोचे विवरण एकत्र असेल आणि हमी एकट्याच्या उत्पन्नावर द्यायची असेल, तर कोणाची कमाई किती हे वेगळे दाखवावे लागते. जोडीदाराचे उत्पन्न धरायचे असेल, तर त्यानेही ‘आय-८६४ए’ या जोडपत्रावर सही करून जबाबदारी घ्यायची असते. अन्नमदतीसारखे सरकारी साहाय्य उत्पन्नात चालत नाही.

आकडा कमी पडला तर मालमत्ता दाखवता येते. साधारण नियम असा, की तुटीच्या पाचपट निव्वळ मालमत्ता हवी. नागरिकाच्या पती-पत्नीसाठी तिप्पट पुरते. दोन हजारांची तूट असेल तर आईसाठी दहा हजार. येणाऱ्या व्यक्तीची मालमत्ताही धरता येते. म्हणजे आईचा पुण्यातला फ्लॅटही चालू शकतो, मात्र वर्षभरात त्याचे पैसे होऊन ते देशाबाहेर नेता येतील हे दाखवावे लागते. तेही जमले नाही तर सहहमीदार शोधायचा. तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही. पण ‘नावापुरती सही’ मागणाऱ्या मित्राने आणि ती देणाऱ्यानेही हे जाणून असावे, की त्याची जबाबदारी मूळ हमीदाराइतकीच पूर्ण असते.

खरा प्रश्न मुदतीचा आहे. येणारी व्यक्ती नागरिक झाली, तिच्या नावे कामाच्या चाळीस तिमाही जमा झाल्या, ती ग्रीन कार्ड सोडून कायमची परतली, किंवा दोघांपैकी कोणाचा मृत्यू झाला, तर हमी संपते. सत्तरीतली आई दहा वर्षे नोकरी करणार नाही, आणि भारतीय नागरिकत्व सोडायला अनेक वडीलधारी राजी नसतात. अशा घरात ही हमी आयुष्यभराची होते.

घटस्फोटाने मात्र ती संपत नाही. २०१२ साली सातव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने, न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांच्या निकालपत्रात, याहून पुढचे पाऊल टाकले : घटस्फोटित पत्नीने नोकरी शोधली नाही एवढ्या कारणाने हमीदार पतीची जबाबदारी कमी होत नाही. तिचे प्रत्यक्ष उत्पन्न दारिद्र्य पातळीच्या १२५ टक्क्यांहून जितके कमी, तितकी भर त्याने घालायची. लग्न करून महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या आणि एकट्या पडलेल्या मुलीच्या हातात नवऱ्याच्या सहीचा हा कागद किती मोलाचा आहे, हे तिच्या माहेरच्यांना क्वचितच ठाऊक असते. व्हिसाच्या कागदांबरोबर त्याचीही एक प्रत तिने स्वतःजवळ ठेवली पाहिजे.

म्हणून त्या रकान्यात मोठा आकडा लिहिण्यात शोभा नाही आणि लहान आकडा लिहिण्यात लाजही नाही. तिथे ऐपत विचारली जाते ती पुढे वसुली होऊ शकेल का, एवढे पाहण्यासाठी. आपले वडीलधारे जामीन राहण्याआधी चार दिवस विचार करीत. आईसाठी सही करताना विचार बदलणार नाही, हे खरेच. पण आपण काय लिहून देत आहोत, ते पुरते वाचूनच ती करावी.