भाऊबीज ते होळी

वडशाहून निघालेली नाटक कंपनीची गाडी आरमोरी, गडचिरोली करत धानोऱ्याच्या रस्त्याला लागते तेव्हा दिवस मावळतीला आलेला असतो. टपावर पडदे, विंगा, दिव्यांची खोकी. आत नट, वादक, नर्तकी आणि प्रॉम्प्टर, बहुतेक झोपेत, कारण आदल्या रात्रीचा प्रयोग दुसऱ्याच गावी पहाटे संपलेला असतो. बाहेर कठाणीच्या खोऱ्यातलं जंगल, मधूनच धानाची कापलेली शेतं. गावाच्या कडेला शामियाना उभा राहिलेला असतो आणि भोंग्यावरून रात्रीच्या नाटकाचं नाव सांगितलं जात असतं.

बाहेरच्या लोकांना धानोरा तालुका ठाऊक असतो तो मेंढा (लेखा) या गावामुळे, सामूहिक वनहक्क आणि एकमताने चालणाऱ्या ग्रामसभेमुळे. नाहीतर मग नक्षलवादाच्या बातम्यांमुळे. हिवाळ्यात या तालुक्याला आणखी एक ओळख असते. पूर्वेला मुरूमगावकडून छत्तीसगडात शिरणारा गोंडी मुलूख आणि पश्चिमेला वैनगंगेच्या काठची झाडीबोली, या दोहोंच्या सांध्यावर तो आहे, आणि झाडीपट्टीचं नाटक इथपर्यंत येतं.

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे. इथल्या दंडार, खडी गंमत या लोकप्रकारांच्या अंगाखांद्यावर वाढलेली ही रंगभूमी पूर्णपणे व्यावसायिक आहे. महाराष्ट्रात नाटकाला प्रेक्षक उरला नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा इथे यावं. पन्नासच्या आसपास कंपन्या, आणि चाललेल्या कंपनीचे एका हंगामात शंभरावर प्रयोग. त्या सगळ्यांची राजधानी देसाईगंज म्हणजे वडसा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या या गावात कंपन्यांची कार्यालयं ओळीने लागलेली आहेत.

इथे हंगाम हा शब्द शेतकऱ्याच्या अर्थाने घ्यायचा. धान कापून घरात आलं, दिवाळी झाली की भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस वेगळा. शेजारच्या गावाच्या दिवशी कुणी आपली मंडई ठेवत नाही, कारण तेच पाव्हणे दोन्हीकडे जायचे असतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, जिथे परंपरा चालत आली तिथे शंकरपटात बैलांच्या जोड्या धावतात. पाव्हण्यांना रात्री झोपवायचं कुठे, हा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. रात्री नाटक असतं. नऊ-दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. होळी आली की हंगाम संपला. पुढे उन्हं, तेंदूपत्ता, लग्नं आणि मग रोवणी.

म्हणजे वर्षाच्या कमाईला मिळतात चार-साडेचार महिन्यांच्या रात्री. बाकी सगळं वर्ष त्यांच्या तयारीत जातं. पावसाळा सरत आला की लेखक नवी संहिता घेऊन वडशाला येतात. कंपन्या नायक, नायिका, खलनायक, विनोदी नट यांना हंगामासाठी बांधून घेतात. मानधन ठरतं ते नाइटवर. नाइट म्हणजे एका रात्रीचा प्रयोग, आणि किती नाइट लागतील हाच नटाचा वर्षाचा हिशेब. नट-नट्या नागपूरहून येतात, काही पुण्या-मुंबईहूनही. पण पुष्कळसे इथलेच, पावसाळ्यात चिखलात उभे राहून रोवणी करणारे. मग गावोगावच्या मंडळांची माणसं वडशाच्या कार्यालयांत येऊन तारखा धरतात. नाटक कोणतं, हिरोईन कोण, विनोदाला कोण, हे विचारूनच ॲडव्हान्स दिला जातो.

तालमी थोड्या होतात. त्यांची कसर प्रॉम्प्टर भरून काढतो. झाडीपट्टीत तो कुणापासून लपवलेला नसतो. एकाच नटाला चार-सहा नाटकांतल्या भूमिका आलटून पालटून कराव्या लागतात, त्या प्रॉम्प्टरच्या आवाजाच्या आधाराने. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांनी 5,000 प्रयोगांत 800 वेगवेगळ्या भूमिका केल्याची नोंद आहे. शहरातल्या नटाला हा आकडा अशक्य वाटेल. इथल्या कामाची रीत पाहिली की तो पटतो.

प्रयोग भरवतं ते गावचं मंडळ. कंपनीची ठरलेली रक्कम, शामियाना, परवानगी, तिकिटं, सगळं त्याच्या माथी. तिकिटं खपली तर उरलेल्या पैशातून गावाचं एखादं काम होतं, आणि नाही खपली तर मंडळाची पोरं आपल्या खिशातून भरतात. या साखळीत दुसरा पैसाच नाही. प्रायोजक नाही, वाहिनी नाही, अनुदानावर चालणारी संस्था नाही. धान विकून आलेल्या पैशातून माणूस तिकीट काढतो आणि त्याच्यावर लेखकापासून दिवेवाल्यापर्यंत सगळे जगतात. मला या रंगभूमीबद्दल सर्वात जास्त आदर याचाच वाटतो. आणि 2020 साली तिचा घात झाला तोही इथेच.

सुरुवातीला वाटलं होतं की झाडी सुटली. 25 मार्च 2020 ला कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली तेव्हा होळी होऊन गेली होती, त्या वर्षाचा हंगाम पदरात पडला होता. 30 एप्रिलच्या यादीत केंद्राने राज्यातले जे मोजके जिल्हे ग्रीन झोनमध्ये ठेवले, त्यांत गडचिरोली आणि गोंदिया होते. मे महिन्यात शहरांतून मजूर परतू लागले आणि गडचिरोलीतही रुग्ण सापडले. तरी दिवाळीला सहा महिने होते.

ते सहा महिने म्हणजेच तयारीचे. साथीने आधी तयारी मोडली, प्रयोग नंतर. नट बांधून घ्यायचे तर हंगाम होणार याची खात्री हवी. मंडळाने ॲडव्हान्स द्यायचा तर परवानगीची खात्री हवी. परवानगी देणाऱ्याला पुढच्या महिन्याचं सांगता येत नव्हतं. पोळा, गणपती, दसरा असेच गेले. राज्यातली नाट्यगृहं 5 नोव्हेंबर 2020 पासून निम्म्या क्षमतेने उघडायला मुभा मिळाली. भाऊबीज होती 16 नोव्हेंबरला. अकरा दिवसांत कंपनी उभी राहत नाही. शिवाय तो नियम लिहिला होता भिंती आणि क्रमांकाच्या खुर्च्या असलेल्या नाट्यगृहासाठी. शेतातल्या शामियान्याची क्षमता किती आणि तिची निम्मी किती? पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर पोती नि चादरी अंथरून बसलेली कुटुंबं, पोरं आईच्या मांडीवर झोपलेली. त्यांत सहा फुटांचं अंतर कुठून आणायचं? मंडईच भरायची नाही म्हटल्यावर पाव्हणे कुठून यायचे?

त्याच आठवड्यात गोव्यात दुसरा एक हंगाम सुरू झाला. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचे सगळे सामने त्या वर्षी गोव्यातच ठेवले होते: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. अकरा संघ हॉटेलांत, चाचण्या आणि विलगीकरणाच्या कोंडाळ्यात राहिले, नेहमीपेक्षा अपुऱ्या सरावावर मैदानात उतरले आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले. पहिला सामना 20 नोव्हेंबर 2020 ला, अंतिम सामना 13 मार्च 2021 ला. मुंबई सिटीने मोहन बागानला 2-1 असं हरवलं. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी सुरू, होळीच्या पंधरा दिवस आधी समाप्त. झाडीपट्टीच्या पंचांगात हुबेहूब बसणारा हंगाम. तिथे तो पार पडला, इथे बुडाला.

फुटबॉलपटूंचं दुःख मी कमी लेखत नाही. एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचलेला पहिला भारतीय क्लब. एप्रिल 2021 मध्ये ते सामने त्यांच्या स्वतःच्या फातोर्ड्यावर झाले आणि एकाही गोवेकराला आत बसून ते पाहता आले नाहीत. फुटबॉलवेड्या गावाला यापेक्षा मोठी चुटपुट कोणती? पण सामना झाला, कारण त्याचा खर्च टीव्ही आणि जाहिरातदार उचलतात. प्रेक्षक नसला तर मैदान सुनं होतं, पगार थांबत नाही. झाडीपट्टीत प्रेक्षक नाही म्हणजे नाइट नाही, आणि नाइट नाही म्हणजे चूल नाही. काहींनी मोबाइलवर नाटक दाखवून पाहा असं सुचवलं. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण आवडलेला प्रवेश वन्स मोअर ओरडून पुन्हा करायला लावणारा प्रेक्षक मोबाइलमध्ये कुठून येणार? आणि रेंज शोधायला टेकडीवर जावं लागतं अशा गावांत ते नाटक पाहायचं कुणी?

त्या हिवाळ्यात नट मजुरीला गेले, कुणी भाजी विकली, कुणी रोजगार हमीच्या कामावर फावडं धरलं. ज्यांचं पोट शेतीवर होतं ते तरले. ज्या नट्या, वादक, नर्तकी निव्वळ नाइटवर जगत होत्या त्यांचे हाल झाले. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने कलावंतांना प्रत्येकी एकरकमी 5,000 रुपयांची मदत जाहीर केली. नसण्यापेक्षा बरी, पण तोवर अख्खा हंगाम बुडून पाच महिने लोटले होते.

दुसरा हंगाम तर आशा दाखवून गेला, म्हणून मला तो पहिल्यापेक्षा क्रूर वाटतो. 22 ऑक्टोबर 2021 ला नाट्यगृहं पुन्हा उघडली, भाऊबीज 6 नोव्हेंबरला होती. लोक नाटकाला आसुसले होते. पण ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि गावोगावचे पाव्हणे ज्या लाल गाडीने मंडईला येतात ती आगारात उभी राहिली. तरीही पडदे उघडले. 16 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली. 2014 पासून बंद पडलेला शंकरपट पुन्हा भरवायचा मार्ग मोकळा झाला, पट आणि नाटक पुन्हा एकत्र येणार असं वाटलं. आठच दिवसांनी, 24 डिसेंबरला, ओमायक्रॉनच्या धास्तीने आदेश निघाला: रात्री नऊ ते सकाळी सहा, पाचपेक्षा जास्त माणसांनी सार्वजनिक जागी एकत्र यायचं नाही. 10 जानेवारी 2022 पासून रात्री अकरा ते पहाटे पाच घराबाहेर पडण्यावरच बंदी आली.

हे तास नीट पाहा. मुंबई-पुण्याचं नाटक दुपारी चारला लावता येतं, अकराच्या आत घरी जाता येतं. ज्या नाटकाची घंटाच रात्री नऊनंतर वाजते त्याला निम्म्या क्षमतेची सवलत काय कामाची? आदेश काढणाऱ्यांच्या मनात झाडीपट्टीबद्दल वाईट काही असेल असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ती नव्हतीच, हीच माझी तक्रार आहे. मार्चच्या सुरुवातीला निर्बंध सैल झाले तेव्हा पूर्ण मोकळीक मिळालेल्या चौदा जिल्ह्यांत भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर होते. गडचिरोली नव्हता, त्यामुळे वडसा आणि धानोरा दोन्ही त्या यादीबाहेर राहिले. होळी होती 17 मार्चला. राज्यातले सगळे निर्बंध उठले 1 एप्रिलला. फातोर्ड्यावर मात्र 20 मार्चला लीगचा अंतिम सामना भरल्या मैदानात झाला.

2022 च्या भाऊबीजेला, 26 ऑक्टोबरला, वडशाची कार्यालयं पूर्वीसारखी गजबजली. त्याआधी जूनमध्ये तृषांत इंगळे यांचा झाडीपट्टीवरचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला होता. जानेवारी 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रेक्षक परतले का, असं मला बाहेरगावचे लोक विचारतात. परतले. धान होतं, मंडई होती, ते कुठे जाणार होते? सगळे कलावंत मात्र परतले नाहीत. दोन वर्षांत ज्यांना दुसरं काम सापडलं त्यांतले काही तिथेच राहिले. एखादी नटी घडायला आठ-दहा हंगाम लागतात, त्यामुळे ही पोकळी तिकीटखिडकीवर लगेच दिसत नाही.

सांस्कृतिक खात्याकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. झाडीपट्टीच्या प्रत्येक कलावंताची, वादकाची, दिवेवाल्याची आणि प्रॉम्प्टरची नोंद आजच, साथ नसताना, करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी मदत कुणाला द्यायची हे शोधण्यात हंगाम जाणार नाही. आणि नाट्यगृहाच्या नियमांत शेतातल्या शामियान्यालाही जागा द्या.

वाचकांना आग्रह आहे तो धानोऱ्याला येण्याचा. भाऊबीजेनंतर कधीही या. वडशाला रेल्वेने उतरा, कुठल्याही कंपनीच्या कार्यालयात विचारा, आज कोणत्या गावाला प्रयोग आहे ते सांगतील. थंडी फार असते, सोबत चादर आणा. तिकीट गावच्या मंडळाकडून विकतच घ्या.