बोर्ड बंद झाले, चित्रं थांबली नाहीत

१९९० च्या दशकाची सुरुवात. अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या एखाद्या घरात रात्री सगळ्यांचे फोन आटोपले की शाळकरी पोरगा मोडेम लावायचा. पलीकडे कुणाच्या तरी खोलीत एक संगणक फोनच्या लाईनला जोडून ठेवलेला असायचा. लाईन एंगेज नसली तर जोडणी व्हायची आणि काळ्या पडद्यावर ओळीओळीने एक चित्र उतरू लागायचं. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. २४०० बॉडच्या मोडेममधून सेकंदाला साधारण २४० अक्षरं यायची. पडदा ८० रकान्यांचा आणि २५ ओळींचा, म्हणजे २००० अक्षरांचा. त्यात रंग बदलण्याच्या खुणांची भर पडायची, त्यामुळे पडदा भरायला दहा-पंधरा सेकंद सहज लागत. चांगले चित्रकार हे ओळखून असत. काय आधी दिसेल आणि काय मागून, याचा विचार करूनच ते चित्र रचत.

या व्यवस्थेला बुलेटिन बोर्ड म्हणत. शिकागोत हिमवादळामुळे घरी अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिला बोर्ड चालू केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत असे बोर्ड गावोगाव झाले. बहुतेकांचा व्यवहार साधा होता: निरोप, गप्पा, फायलींची देवाणघेवाण. काही बोर्डांवर मात्र चोरीचं सॉफ्टवेअर फिरायचं. तिथे सहजी प्रवेश नसे. ओळख लागे, कुणाची तरी शिफारस लागे. खरं नाव कुणी सांगत नसे, सगळा कारभार टोपणनावांवर. अशा बोर्डाच्या चालकाला, म्हणजे सिसॉपला, आत येणाऱ्याचे डोळे दिपतील असं प्रवेशचित्र हवं असे. अक्षरांनी आणि रंगांनी अशी चित्रं काढण्याच्या कलेला, म्हणजे ॲन्सी चित्रकलेला, भरभरून काम मिळालं ते इथे. ही कला बेकायदा व्यवहाराच्या आश्रयाने वाढली, हे लपवण्यात अर्थ नाही.

या चित्रांत ब्रशही नाही आणि सुटी रेषाही नाही. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीबरोबर २५६ चिन्हांचा एक ठरलेला संच आला. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, काही युरोपीय अक्षरं आणि तक्ते आखायला रेघा व ठोकळे होते. (देवनागरीला त्यात जागा नव्हती. डॉसच्या पडद्यावर मराठी उमटवायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवावं लागायचं, हे त्या काळी कचेरीत संगणकावर बसलेल्यांना आठवत असेल.) चित्रकारांनी नेमके ठोकळे उचलले. एक पूर्ण भरलेला; विरळ, मध्यम आणि दाट ठिपक्यांचे तीन; शिवाय फक्त वरचा, खालचा, डावा किंवा उजवा अर्धा भाग भरलेले चार. इयन डेव्हिस यांनी १९८६ मध्ये 'द ड्रॉ' हा प्रोग्रॅम आणला. अशा प्रोग्रॅममध्ये हे आठ ठोकळे एफ१ ते एफ८ या कळांवर असत. माउसविना, या आठ कळा आणि बाणांच्या कळा यांवर चेहरे, राक्षस, चिलखतं, अक्षरांचे अवजड मनोरे उभे राहिले.

पडद्यावर अक्षराच्या प्रत्येक घराला एक पुढचा रंग आणि एक मागचा. पुढचे सोळा, मागचे आठ. समजा, गालावर उजेड हवा आहे. मागे तपकिरी ठेवून त्यावर विरळ पिवळे ठिपके टाकले की डोळ्याला मधलाच रंग दिसतो. शेजारच्या घरात मध्यम ठिपके, त्यापुढे दाट, मग निव्वळ पिवळा. अर्धा ठोकळा वापरला तर एकाच घरात दोन रंग वरखाली बसतात आणि ओठाची कड एका अक्षराच्या निम्म्या उंचीवर वळवता येते. दोसुतीवर टाके मोजून भरतकाम केलेल्या माणसाला हा जीव खाणारा हिशोब लगेच कळेल. मागचे रंग आठच, कारण उरलेला एक बिट अक्षरांच्या उघडझापीसाठी राखून ठेवलेला होता. चित्रकारांनी उघडझाप बंद करून तो बिट रंगाला दिला आणि मागचेही सोळा झाले. आईस या चित्रकारांच्या गटाच्या नावावरून ही युक्ती आजही 'आईस कलर्स' म्हणून ओळखली जाते.

गट हा या जगाचा कणा होता. १९९० मध्ये ॲसिड सुरू झाला, पाठोपाठ आईस. दोघांत उघड चुरस. महिन्याभरात सभासदांनी काढलेली चित्रं एका झिप फाईलमध्ये बांधायची, सोबत सभासदांची यादी आणि सलाम-टोमण्यांनी भरलेलं निवेदन जोडायचं आणि तो 'पॅक' बोर्डाबोर्डांवर पोचवायचा. पॅक निघाला की कुणाची सावली सुधारली, कुणाचे हात अजून कच्चे आहेत, यावर चर्चा झडायच्या. विषय बरेचदा अमेरिकी कॉमिक्समधून उचललेले असायचे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडून वेगळं काय येणार? पण दुसऱ्याचं ॲन्सी चित्र आपल्या नावावर खपवणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा होता. छायाचित्राचं यंत्राकडून ठोकळ्यांत रूपांतर करून घेणाऱ्याला तर कुणी उभंही करत नसे. सॉफ्टवेअर चोरण्यात ज्यांना काही वावगं वाटत नव्हतं, त्यांनी मेहनतीच्या बाबतीत इतके कडक नियम पाळावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग गिऱ्हाईकच गेलं. १९९३ मध्ये मोझेक ब्राउझर आला, १९९४ मध्ये नेटस्केप, १९९५ मध्ये विंडोज ९५. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मुंबईत काही हौशी मंडळींनी बुलेटिन बोर्ड चालवले होते, पण बहुतेकांची गाठ थेट इंटरनेटशीच पडली. अमेरिकेत सिसॉपनी एकामागून एक बोर्ड बंद केले. बोर्ड नाही तर प्रवेशचित्र कशाला? शिवाय आता पडद्यावर सरळ छायाचित्र दिसत होतं. आणखी एका घावाबद्दल कमी बोललं जातं. विंडोजचा चिन्हसंच वेगळा होता. ॲन्सी फाईल नोटपॅडमध्ये उघडली की भरीव ठोकळ्यांच्या जागी डोक्यावर टोपीसारखी खूण असलेले 'यू' रांगेने दिसायचे. चित्रं फाईलमध्ये शाबूत होती, पण नव्या यंत्राला ती वाचताच येत नव्हती. मुलंही मोठी झाली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली. पॅक आधी बारीक झाले, मग विरळ.

इथवरची हकीकत कुठल्याही जुन्या तंत्राच्या बाबतीत सांगता येईल. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ज्या कामासाठी ही चित्रं काढली जात होती ते काम संपलं, तरी काही जणांनी ती काढणं सोडलं नाही, आणि सोडलेल्यांतले काही परत आले. व्हँकुव्हरमधला मिस्टिग्रिस हा गट १९९४ मध्ये सुरू होऊन दशक संपताना विझला होता. २०१४ मध्ये विसाव्या वर्षाच्या निमित्ताने तो पुन्हा पॅक काढू लागला. ब्लॉकट्रॉनिक्स या गटात जुन्या गटांतले मुरलेले हात एकत्र आले. पाब्लोड्रॉ या प्रोग्रॅममुळे वेगवेगळ्या देशांत बसलेले चित्रकार एकाच चित्रावर एकाच वेळी काम करू शकतात. पूर्वी प्रवेशचित्राला बहुधा पडद्याच्या २५ ओळींचं गणित सांभाळावं लागे. आता शेकडो ओळींची, खाली खाली उलगडत जाणारी चित्रं निघतात. या उतरत्या काळातलं काही काम ऐन भरातल्या कामापेक्षा सरस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जाहिरातीचं ओझं उतरलं, गटाचं नाव अक्राळविक्राळ अक्षरांत मिरवण्याची निकड कमी झाली, आणि पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला एका चित्रावर महिने घालवायला घाई नव्हती.

याला केवळ जुन्या दिवसांचं वेड म्हणणं मला पटत नाही. आठवणींनी माणूस एखादं चित्र काढेल. पॅकमागून पॅक काढायला समोर जाणकार नजर लागते. हजारो लोक 'वा' म्हणाले तरी अर्ध्या ठोकळ्याने वळवलेली ओठाची कड त्यांना दिसत नाही. ती दिसणारे पन्नास जण असले आणि पॅकची तारीख ठरलेली असली, की हात चालतो. बोर्ड गेल्यावर हे दोन्ही ज्यांनी सांभाळलं ते गट टिकले.

जपणुकीची सोयही या मुलांनीच आधी करून ठेवली होती. १९९४ मध्ये ॲसिड गटातून 'सॉस' नावाची पद्धत निघाली. चित्राच्या फाईलच्या शेवटी १२८ बाइटची नोंद जोडायची: शीर्षकाला ३५ अक्षरं, चित्रकाराला २०, गटाला २०, तारखेला ८. फाईल कितीही हातांतून गेली तरी नाव चित्राबरोबर जातं. आज सिक्स्टीन कलर्स या संग्रहात १९९० पासूनचे पॅक वर्षवार लावलेले आहेत आणि कितीतरी चित्रकार नावाने शोधता येतात, त्यामागे ही नोंद आहे. जगातल्या कितीतरी नावाजलेल्या कलादालनांत 'चित्रकार अज्ञात' अशा पाट्या असताना, टोपणनावाने वावरणाऱ्या किशोरांनी कर्तृत्वाची इतकी चोख नोंद ठेवली.

याच काळात युरोपात वाढलेल्या डेमोसीनला, म्हणजे संगणकावर कोडमधून चित्र आणि संगीत साकारणाऱ्या चळवळीला, २०२० मध्ये फिनलंडने आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, वर्षभरात जर्मनीनेही. ॲन्सीच्या वाट्याला अजून असा मान आलेला नाही. संग्रह स्वयंसेवक चालवतात, चित्रं फुकट पाहता येतात, आणि मोबियससारखा आजच्या संगणकावर चालणारा चित्रप्रोग्रॅमही फुकट मिळतो. आपल्याकडच्या कला महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांसमोर हा संग्रह उघडावा आणि त्यांना ८० रकाने, सोळा रंग आणि पॅकची एक तारीख द्यावी, असं मला मनापासून वाटतं. हजारो छटा आणि वाटेल तितक्या वेळा मागे घेता येणारी चूक यांची सवय असलेल्या हाताला गालावरचा उजेड तीन प्रकारच्या ठिपक्यांत बसवायला लागला, की तो हात कुठे अडतो आणि त्यातून काय काढतो, ते मला बघायचं आहे.