गोलंदाजांत श्रेष्ठ कोण?

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीची यात्रा भरते, आणि त्या दिवसांत वणीत ज्याचे घर आहे त्याला पाहुण्यांचा तोटा नसतो. आमच्याकडेही तीन पिढ्यांची माणसे जमली होती. दुपारची जेवणे आटोपून मंडळी ओसरीवर सुपारी कातरीत बसली असता माझ्या पुतण्याने सहज म्हणून एक प्रश्न टाकला. "काका, हल्लीचे गोलंदाज राहू द्या. जुन्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांच्या काळात आपल्याकडचा सर्वांत थोर गोलंदाज कोण?"

आमचे दादा ऐंशीच्या पुढे गेले आहेत, परंतु त्यांचा आवाज अद्याप खणखणीत आहे. पुतण्याचे वाक्य पुरते होण्याच्या आतच ते "अमरसिंग" म्हणून मोकळे झाले. पुतण्याने डॉ. पावरी यांचे नाव पुढे केले, आणि शाळकरी नातवाने, केवळ जिल्ह्याच्या अभिमानाने, बापू नाडकर्णी यांचे. मग सर्वांनी मिळून मला पंच नेमले.

न्यायशास्त्रात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जय मिळविण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडीत काढणे ही वितंडा. ओसरीवरील चर्चा बहुधा दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात उतरतात. म्हणून मी प्रथम मर्यादा आखून घेतली. पारशी संघाने व्हर्नन यांच्या इंग्रज संघास मुंबईत हरविले ते १८९० साल, आणि पंचरंगी सामने बंद पडले ते १९४६ साल. यांच्या दरम्यान जे खेळले त्यांचाच विचार करावयाचा.

या मर्यादेने नातवाचा उमेदवार बाद झाला, याचे मला थोडे वाईट वाटले. बापू नाडकर्णी यांचा जन्म नाशिकचाच, १९३३ सालचा. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत त्यांनी लागोपाठ २१ षटके एकही धाव न देता टाकली. त्या डावात ३२ षटकांत २७ निर्धाव आणि धावा अवघ्या पाच, हा हिशेब ऐकून कोणाही नाशिककराची छाती फुगेल. पण त्यांचा काळ निराळा.

डॉ. मेहेल्लाशा पावरी यांचा पक्ष पुतण्याने चांगला मांडला. ते पेशाने डॉक्टर आणि हाताने जलद गोलंदाज. पारशी संघाच्या १८८८ च्या विलायत दौऱ्यात त्यांनी १७० गडी बाद केले, तेही बळीमागे सरासरी बारांहून कमी धावा देऊन. व्हर्ननच्या संघाविरुद्ध दुसऱ्या डावात त्यांनी ३४ धावांत सात बळी घेतले. त्या इंग्रज संघाचा साऱ्या दौऱ्यातील तो एकच पराभव. एवढे असले तरी १८८८ चे प्रतिस्पर्धी बहुतांशी हौशी मंडळांचे गडी होते हे विसरून चालत नाही. पावरी यांस आद्य म्हणावे. श्रेष्ठ म्हणावयास पुरावा अपुरा पडतो.

दादांचा पक्ष अधिक बळकट होता. अमरसिंग हे राजकोटचे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला त्यात महंमद निसार यांनी इंग्लंडचे आघाडीचे दोन्ही फलंदाज त्रिफळा उडवून परत पाठविले आणि दुसऱ्या बाजूने अमरसिंग यांनी मारा चालू ठेवला. त्या दौऱ्यात अमरसिंग यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १११ बळी घेतले. पुढे १९३४ मध्ये मद्रासला ८६ धावांत सात, १९३६ मध्ये लॉर्ड्सवर ३५ धावांत सहा. १९४० साली ते वारले तेव्हा तीस वर्षांचेही नव्हते. एवढ्या आयुष्यात ५०८ बळी, सरासरी १८.३५! निसार यांचा वेग याहून अधिक होता असे म्हणतात. परंतु चेंडू हवेत आणि टप्प्यावर वळविण्याची दोन्ही कसबे एका हातात असणे ही अमरसिंग यांचीच मिरास. रुस्तमजी जमशेदजी यांचेही नाव निघाले. ते कसोटीत प्रथम उतरले ते १९३३ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षात. हा विक्रम खरा, पण तो निवड करणाऱ्यांच्या विलंबाचा विक्रम आहे, असे दादाच म्हणाले.

मग मी माझा पक्ष मांडला. माझा पक्ष पालवणकर बाळू याचा.

बाळू हा चर्मकार जातीत १८७५-७६ च्या सुमारास जन्मला. पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे, तीवर रूळ फिरविणे, अशा कामावर तो लागला. महिना तीन रुपये. तेथून १८९२ मध्ये तो पूना क्लबात, म्हणजे गोऱ्यांच्या मैदानावर गेला. तेथे ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. त्यांना सरावासाठी बाळू तासन् तास चेंडू टाकी. ग्रेग यांना बाद केले म्हणजे प्रत्येक वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. फलंदाजीची संधी मात्र त्याला तेथे कोणी दिली नाही. बॅट धरणे साहेबांचे काम, चेंडू टाकणे नोकराचे. डाव्या हाताची संथ गोलंदाजी, अचूक टप्पा, गती कळू न देता बदलण्याचे कसब आणि चेंडू दोन्ही बाजूंस वळविण्याची हातोटी ही त्याची विद्या अशी मोलमजुरीत घडली.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. त्या विजयात बाळूच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. पुढील वर्षी युरोपियन पुन्हा हरले. परंतु खरी कसोटी १९११ ची. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ विलायतेस गेला. महाराज मेजवान्यांत गुंतले, आणि संघातील उत्तम फलंदाज मिस्त्री हे त्यांच्या दिमतीला असल्याने फार थोडे खेळले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी दहा हरले. अशा मोडक्या संघात बाळूने साऱ्या दौऱ्यात मिळून ११४ बळी घेतले; त्यांतील ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. लेस्टरशायरवरील विजयात दोन डावांत मिळून त्याचे अकरा बळी होते.

येथे दादांनी मला अडविले. "अमरसिंगचे १११, तुझ्या बाळूचे ७५. पंच असून गणित विसरलास काय?"

गणित मी विसरलो नव्हतो. १९३२ च्या संघाने प्रथम श्रेणीचे २६ सामने खेळले, १९११ च्या संघाने १४. अमरसिंग यांची त्या दौऱ्यातील सरासरी बळीमागे २०.३७ धावा, बाळूची २०.१२. एक एकवीस वर्षांचा जवान, दुसरा पस्तिशीचा. एकाच्या जोडीला निसार आणि पाठीशी सी. के. नायडू, दुसऱ्याचा कर्णधार मेजवानीत. साऱ्या कारकिर्दीचा हिशेब घेतला तर दर सामन्यास दोघांचेही बळी साडेपाचांच्या आसपास येतात, आणि सरासरीत बाळू १५.२१ वर, तीन धावांनी सरस.

दादांचे उत्तरही तयार होते. बाळूच्या काळच्या खेळपट्ट्या ओबडधोबड, फलंदाज कच्चे. तीन धावांचा फरक त्यातच जिरतो. हे म्हणणे खोटे नाही. म्हणून मी त्याच काळचा, त्याच जातीची गोलंदाजी करणारा विलायती गडी पुढे आणला. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स. बाळूला हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत असत. दोघेही डावखुरे, वयाने जवळजवळ समान. ऱ्होड्सचे बळी चार हजारांहून अधिक, सरासरी १६.७२, आणि सामने अकराशेंच्या वर. बाळूच्या प्रथम श्रेणीच्या सामन्यांची एकूण संख्या ३३, बळी १७९. स्थालीपुलाकन्यायाने एका शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण एकाच्या ताटात हंडाभर भात वाढलेला आणि दुसऱ्याच्या ताटात शिते मोजून ३३, तर पोट कोणाचे भरले याची तुलना कशी करावयाची?

"शिते कोणी मोजली, आजोबा?"

हा प्रश्न माझ्या नातीचा. ती आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. पुण्यास इतिहास शिकते.

मी सांगू लागलो की त्या काळी सामनेच थोडे असत. पारशांच्या आणि हिंदूंच्या स्पर्धेला वर्षाकाठी दोन-तीन दिवस मिळत. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते खरे. पण पुण्याच्या हिंदू संघात त्यांना घ्यावे की नाही यावर भांडण झाले, ते? तेलुगू गड्यांनी आग्रह धरला आणि आपले पुणेकर ब्राह्मण आडवे आले. घेतल्यावरही चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत, आणि विश्रांतीत कप निराळा. हे तुम्ही सांगितलेच नाही."

हे मला ठाऊक होते. १९१३ मध्ये एम. डी. पै हिंदूंचे कर्णधार झाले तेव्हा हा मान ज्येष्ठ अनुभवी बाळूस मिळावयास हवा होता असे पै यांनीच जाहीरपणे म्हटले. १९२० मध्ये पै आजारी पडले तर संघाचे नेतृत्व प्रो. देवधर यांच्याकडे गेले आणि बाळू वगळला गेला. तेव्हा त्याचे धाकटे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी निवेदन काढून संघ सोडला. लोकमत तापले. पै परतल्यावर बाळूस उपकर्णधार करण्यात आले, आणि त्या सामन्यात पै स्वतः काही वेळ मैदान सोडून गेले, ते त्याला नेतृत्व करता यावे म्हणून. विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले व हिंदू जिंकले. बाळूला तो मान हक्काने असा कधीच मिळाला नाही. हे सर्व मी सांगितले. थोडे घाईने सांगितले, कारण दादांची सुपारी कातरावयाची थांबली होती.

"आणखी एक," नात म्हणाली. "मघापासून तुम्ही दोघे डॉक्टर पावरी 'यांनी' म्हणता, अमरसिंग 'यांनी', निसार 'यांनी', ग्रेगसाहेबांनासुद्धा मान. आणि बाळू 'याने'. विठ्ठल कर्णधार 'झाले', आणि त्यांचा थोरला भाऊ 'वगळला गेला'."

दादा म्हणाले, "अगं, तो लाडका म्हणून. सचिनला आपण अहो-जाहो करतो काय?"

"सचिनला एकेरी म्हणता, तसे गावसकरांनाही म्हणता, आजोबा. त्या काळातल्या या एकट्यालाच का?"

यावर ओसरीत कोणी बोलेना. मला आमच्या आजोबांची आठवण झाली. ते तरुणपणी मुंबईस शिकत असता त्यांनी जिमखान्याच्या मैदानावर हे सामने पाहिले होते. उन्हाळ्यात याच ओसरीवर ते डाव्या हातात लिंबू धरून आम्हां मुलांस दाखवीत: मनगट असे, बोटे अशी, चेंडू येथे टप्पा घेई आणि येथून आत शिरे. "बाळू असा टाकी," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले असेल. त्याच बैठकीत देवधरांचा विषय निघाला की ते "प्रोफेसर देवधर खेळत" असे म्हणत. देवधर संस्कृतचे अध्यापक, शिवाय आपल्यातले. ते मला स्वाभाविकच वाटे. मातीच्या भांड्याविषयी आजोबा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना ते ठाऊक नव्हते असे मी मानीत नाही. मी स्वतः छत्तीस वर्षे मुलांना व्याकरण शिकविले, आदरार्थी बहुवचनाचा धडा दर वर्षी घेतला, आणि हे एकवचन माझ्या कानाला एकदाही खटकले नाही.

यानंतर माझा निर्णय मी दिला. पालवणकर बाळू हे त्या काळातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज होत. माझे कारण सरासरीचे नव्हे. अमरसिंग यांना वाव मिळाला तेव्हा त्यांनी काय केले हे आपण जाणतो. बाळूंनी वाव नसताना, रूळ ओढता ओढता विद्या मिळवून, निकराने नाकारलेल्या मैदानांवर जे केले ते त्याच्या बरोबरीचे आहे. तेव्हा पारडे त्यांच्याकडे झुकते. पुतण्याने यावर आक्षेप घेतला की हा गोलंदाजीचा निवाडा नसून सहानुभूतीचा आहे. कदाचित त्यात तथ्य असेल. परंतु ज्याच्यावर वजन लादून शर्यत लावली आणि जो तरीही बरोबर पोहोचला, त्याचे पाय अधिक बळकट असले पाहिजेत, एवढे अनुमान करावयास सहानुभूती लागत नाही.

बाळू पुढे सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व हरले. त्याविषयी नातीचे मत निराळे आहे. तो वाद आम्ही रात्रीसाठी ठेवला. १९५५ साली ते मुंबईत वारले.

चहा आला. दादांनी कप घेतला, बशीत ओतला, दोन घोट घेतले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अमरसिंगच. मी काही बदलत नाही." थोड्या वेळाने सुपारीचा अडकित्ता पुन्हा उचलीत ते नातीला म्हणाले, "पण पालवणकरांनी लेस्टरशायरचे अकरा गडी घेतले म्हणतो ना तुझा आजोबा, ते कोणत्या डावात किती, ते जरा शोधून दे."