गिटारीचं माहेर कोणतं?

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो केस वाढवलेला, मान हलवणारा कॉलेजातला मुलगा. पण मैत्रिणींनो, रेडिओवर हिंदी गाण्यांच्या चाली ज्या हवाईयन गिटारवर ऐकत आपल्यापैकी कित्येकजणी मोठ्या झाल्या, ती सुनील गांगुलींची गिटारही विजेवरचीच. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर धातूची कांडी सरकवायची. गंमत म्हणजे अमेरिकेत विजेवरची पहिली यशस्वी गिटार निघाली, तीही याच जातीची.

ती बनवली लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बीचमनं, १९३१ साली. रिकनबॅकर कंपनीनं ती विकायला काढली. गोल अंग, लांब दांडा, म्हणून लोक तिला चक्क 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. आपला दांड्याचा तवाच म्हणा ना! तिचा जीव होता पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे लोहचुंबकाशेजारी तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते आणि ॲम्प्लिफायर तिचा आवाज मोठा करतो. मग पोकळ पेटी हवीच कशाला? पुढे भरीव लाकडाच्या गिटारी निघाल्या त्या यातूनच.

इथून पुढे सगळा गोतावळा. रिकनबॅकरकडे काम केलेले डॉक कॉफमन १९४५ साली लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर भागीदारीत आले. जवळच्याच डाउनी गावात पॉल बिग्जबी हा कारागीर होता. १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिस या गायकानं कागदावर चित्र काढून त्याच्याकडून एक गिटार करून घेतली. तारा ताणायच्या सहाही खुंट्या माथ्याच्या एकाच बाजूला. एरवी तीन इकडे, तीन तिकडे असायच्या. दोन वर्षांनी फेंडरची गिटार बाजारात आली, तिच्याही सहा खुंट्या एका बाजूला! १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरचा माथा तर बिग्जबीच्या आणखीच जवळचा. माझी गिटार नेऊन पाहिली होती, असं ट्रॅव्हिसचं म्हणणं. लिओला ते मान्य नव्हतं. तो क्रोएशियाच्या जुन्या वाद्यांकडे बोट दाखवायचा.

आता खरं माहेर शोधायचं तर व्हिएन्नाला जावं लागतं. तिथला योहान श्टाउफर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सहा खुंट्या एका रांगेत लावत होता. त्याच्या हाताखाली शिकलेला सी. एफ. मार्टिन १८३३ साली अमेरिकेत गेला आणि तसाच माथा घडवू लागला. म्हणजे ज्या माथ्यावरून दोघं भांडले, तो त्यांच्या आधी शंभर वर्षं अमेरिकेत येऊन बसलेला!

आमच्या बचत गटात कापडी पिशवीच्या कळीवरून दोघींनी वर्षभर बोलणं टाकलं होतं. "ती माझी कळी," असं दोघींचंही म्हणणं. आणि दोघींच्याही आज्या तशीच कळी घालायच्या. त्यामुळे हे भांडण मला फार परकं वाटत नाही. पण एक सांगते, घेणाऱ्याचा धंदा मोठा आणि देणाऱ्याचं नावही नाही, हे मला पटत नाही. वारसा सगळ्यांचा असला तरी पैसा सगळ्यांकडे जात नाही.

नावावरूनही रामायण झालं. फेंडरनं गिटारीचं नाव ठेवलं 'ब्रॉडकास्टर'. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम होते. तिनं हरकत घेतली, तर १९५१ साली फेंडरच्या माणसांनी छापील पट्टीतलं ते नाव कात्रीनं कापून टाकलं आणि गिटारी तशाच विकल्या. पुढे नाव पडलं टेलिकास्टर. मधल्या काही महिन्यांच्या त्या बिननावाच्या गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात.

तिकडे न्यूयॉर्कला लेस पॉलनं भरीव ठोकळ्याची गिटार जोडली ती एपिफोनच्या कारखान्यात. गिब्सननं आधी त्याला वाटेला लावलं आणि १९५२ साली त्याच्याच नावानं भरीव गिटार काढली. १९५७ साली एपिफोन कंपनीसुद्धा गिब्सननंच विकत घेतली. गिब्सनसाठी नवा पिकअप शोधणारा सेथ लव्हर पुढे फेंडरकडे कामाला गेला. आणि ज्या बिग्जबीच्या माथ्यावरून एवढं सगळं, त्याची कंपनी २०१९ साली कोणी घेतली? फेंडरनं!

या साऱ्या गोष्टीत नावं पुरुषांचीच. पण फेंडरच्या कारखान्यात पिकअपची तार गुंडाळायला, आतल्या तारांना डाग द्यायला बायका होत्या. ॲबिगेल इबारा १९५६ साली तिथं लागली. तार हातानं धरून वेढे द्यायचे. ताण जरा जास्त झाला की तार तुटली, सैल सोडली की आवाज बदलला. शेवया हातावर वळणारीला हा अंदाज सांगावा लागत नाही. पन्नासहून जास्त वर्षं हे काम करून ती २०१३ साली निवृत्त झाली. तोवर तिच्या हातच्या पिकअपला तिच्या नावानं मागणी यायला लागली होती.

तिच्याही आधीच्या काहीजणींची नावं तेवढी सापडतात. १९५४च्या काही स्ट्रॅटोकास्टर उघडल्या की आतल्या खोबणीत कागदी चिकटपट्टीचा तुकडा दिसतो. त्यावर हातानं लिहिलेली तारीख आणि नाव. ग्लोरिया, मेरी, व्हर्जिनिया. आडनाव बहुधा नाहीच. गिटार अस्सल आहे का, हे ठरवताना आजचे जाणकार स्क्रू काढून आत तो तुकडाही शोधतात.